भावनांची नोंदवही भरूनही विचार बदलत नसतील, तर या चुका टाळा

अल्बर्ट एलिस या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने 1955 मध्ये न्यूयॉर्क येथे जी उपचारपद्धती मांडली, ती मराठी वाचकांना विवेकनिष्ठ मानसोपचार म्हणून परिचित आहे आणि ती महाराष्ट्रात रुजवण्यात मुंबईच्या कि. मो. फडके यांचा मोठा वाटा आहे. तिचा गाभा असा की घटना आणि भावना यांच्यामध्ये आपला एक समज उभा असतो, आणि भावनेचे स्वरूप बऱ्याच अंशी तो समज ठरवतो. त्यामुळे घटना, समज आणि भावना असे तीन रकाने आखून रोज नोंद करण्याचा सल्ला समुपदेशक देतात. अनेक जण महिनाभर प्रामाणिकपणे लिहितात, आणि ‘सगळे कळते, पण वळत नाही’ असे म्हणून वही बाजूला ठेवतात. दोष बहुतेकदा पद्धतीचा नसतो, तर रकाने भरण्याच्या रीतीत असतो.

पुढील विवेचनासाठी एक नेहमीचे उदाहरण घेऊ. दहावीतल्या मुलाला गणिताच्या सराव परीक्षेत 80 पैकी 41 गुण मिळतात, वडील त्याच्यावर जेवणाच्या ताटावरच ओरडतात, मुलगा न जेवता उठून जातो आणि रात्री वडील वही उघडतात.

घटनेच्या रकान्यात निष्कर्ष लिहिणे

वडील पहिल्या रकान्यात लिहितात, ‘मुलाने माझ्या कष्टांची किंमत ठेवली नाही.’ हे घडलेले नाही, तर घडलेल्याचा त्यांनी लावलेला अर्थ आहे. घडले एवढेच, की 41 गुण मिळाले आणि निकाल सांगताना मुलगा मोबाइलकडे पाहत होता. खोलीत कॅमेरा लावलेला असता तर त्यात जे दिसले आणि ऐकू आले असते, तेवढेच या रकान्यात यावे. ही शिस्त क्षुल्लक वाटते, पण ती पाळली नाही तर तपासायचा समज वस्तुस्थितीचा वेष घेऊन पहिल्याच रकान्यात जाऊन बसतो आणि पुढे त्याला कोणी प्रश्न विचारत नाही.

भावनेच्या जागी विचार, किंवा नुसतेच ‘टेन्शन’

‘त्याला पर्वाच नाही असे वाटले’ ही भावना नव्हे, तोही विचारच आहे. भावना सहसा एका शब्दात सांगता येते: राग, भीती, लाज, मत्सर, दुःख, अपराधीपणा. ‘टेन्शन’, ‘मूड गेला’, ‘कसेतरी झाले’ या शब्दांनी बोलण्याची गरज भागते, वहीची भागत नाही, कारण भीतीमागचा समज वेगळा असतो आणि लाजेमागचा वेगळा. वरच्या वडिलांनी सुरुवातीला ‘राग’ लिहिला, तोही खोटा नव्हता. मात्र राग येण्याच्या आधीच्या क्षणी काय होते असे स्वतःला विचारल्यावर ‘याचे पुढे कसे होणार’ ही भीती आणि ‘भावाला काय सांगू’ ही लाज असे दोन वेगळे धागे हाती लागतात. आपल्याकडील पुरुषांच्या बाबतीत हे विशेषकरून तपासावे, असे मला वाटते, कारण रागाला घरात मान्यता असते, तशी भीतीला नसते.

भावनेला नेमके नाव देण्याचा उपयोग केवळ टिपणापुरता नाही. मानसशास्त्रज्ञ मॅथ्यू लिबरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लॉस एंजलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात केलेल्या आणि 2007 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, चेहऱ्यावरील भावनेला शब्दांत नाव देताना मेंदूच्या अमिग्डाला या, भीतीसारख्या भावनांशी निगडित भागाची प्रतिक्रिया मंदावलेली आढळली. नावापुढे 0 ते 100 या पट्टीवर तीव्रताही लिहावी, म्हणजे आठवड्यानंतर फरक पडला की नाही हे अंदाजावर सोडावे लागत नाही.

भावना पुसून टाकण्याचे ध्येय ठेवणे

आठ दिवस झाले तरी राग येतोच, म्हणून वही फसली असे मानणारे पुष्कळ असतात. एलिस यांनी नकारात्मक भावनांचेच दोन प्रकार मानले होते. मुलाच्या अभ्यासाची काळजी ही आरोग्यपूर्ण भावना आहे, कारण ती पालकाला मुलाजवळ बसून गणित कुठे अडते ते पाहायला लावते. त्याच विषयाची धास्ती मात्र ओरडायला लावते. दुःख आणि खिन्नता, नाराजी आणि संताप, पश्चात्ताप आणि अपराधगंड या जोड्यांनाही हेच लागू पडते. ध्येय धास्तीकडून काळजीकडे येण्याचे असावे, निर्विकार होण्याचे नव्हे. मनात येणारी गोष्ट नुसती दाबून टाकणे उलटू शकते, हे मानसशास्त्रज्ञ डॅनियल वेग्नर यांच्या 1987 च्या प्रयोगात दिसले होते: पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका असे सांगितलेल्या लोकांच्या मनात ते अस्वल वारंवार येत राहिले.

समज न तपासताच त्यावर गोड वाक्य चिकटवणे

सर्वांत जास्त वह्या इथेच निष्फळ ठरतात. ‘माझा मुलगा नक्की पहिला येईल’ किंवा ‘जे होते ते चांगल्यासाठीच’ अशी वाक्ये लिहून तात्पुरता दिलासा मिळतो, पण खाली असलेला समज जागचा हलत नाही, आणि पुढच्या निकालाच्या दिवशी तो पूर्वीच्याच जोमाने वर येतो. वडिलांच्या वहीत ‘त्याने अभ्यास करायला हवा होता’ असे लिहिलेले असते. यात गैर काही नाही, ही तर रास्त इच्छा आहे. म्हणून इथे न थांबता ‘आणि नाही केला, तर त्याचा अर्थ काय?’ हा प्रश्न दोनतीन वेळा विचारत खाली उतरावे लागते. मग खरे वाक्य सापडते: ‘माझ्या मुलाला चांगले गुण मिळालेच पाहिजेत, नाही मिळाले तर ते भयंकर आहे, मला ते सहन होणार नाही आणि मी बाप म्हणून कुचकामी ठरेन.’ दुराग्रह, आपत्तीची अतिशयोक्ती, असह्यतेची खात्री आणि संपूर्ण माणसावर मारलेला शिक्का, या एलिस यांनी सांगितलेल्या चारही गोष्टी या एका वाक्यात आहेत.

हे वाक्य सापडल्यावर त्याला तीन बाजूंनी प्रश्न विचारावेत. पहिला प्रश्न पुराव्याचा: माझी इच्छा तीव्र आहे म्हणून जगाने ती पुरवलीच पाहिजे, असा नियम कुठे आहे? दुसरा तर्काचा: सराव परीक्षेतल्या 41 गुणांवरून माणूस म्हणून माझी पूर्ण किंमत कशी निघते? तिसरा उपयुक्ततेचा: हा समज उराशी बाळगल्याने मुलाचे गणित सुधारते आहे, की तो माझ्यापासून उत्तरपत्रिका लपवू लागला आहे? पुष्कळदा तर्काने न हलणारा माणूस या तिसऱ्या प्रश्नाने हलतो, असा माझा समज आहे. यातून येणारे पर्यायी वाक्य गोड नसते: ‘त्याला चांगले गुण मिळावेत असे मला मनापासून वाटते, पण ते मिळालेच पाहिजेत असे नाही, नाही मिळाले तर ते वाईट असेल, तरी मी ते सोसू शकतो.’ या वाक्यावर आपला विश्वास किती, हेही 0 ते 100 मध्ये लिहावे. सुरुवातीला 20 आला तरी तो प्रामाणिक आकडा असतो.

वहीचाच आसूड करणे

‘मी इतके लिहूनही पुन्हा ओरडलो, मी सुधारणारच नाही’ ही नोंद दिसली की समजावे की आता रागाबद्दलचा राग सुरू झाला आहे. एलिस अशा दुसऱ्या थराकडे आधी लक्ष द्यायला सांगत, कारण स्वतःला दोष देण्यात गुंतलेल्या मनाला मूळ प्रश्न हाताळायला सवड उरत नाही. या नोंदीसाठी नवे पान घ्यावे आणि ‘मी ओरडलो’ हीच घटना धरून तीन रकाने पुन्हा भरावेत. रात्री उशिरा तास तास लिहीत बसणेही टाळावे. ‘माझ्याच वाट्याला हे का?’ या प्रश्नाभोवती पाने भरत असतील तर ते आत्मपरीक्षण राहत नाही, ते रवंथ होते. एका नोंदीला पंधरावीस मिनिटे पुरतात.

याच पद्धतीने जोडीदाराची तपासणी करण्याचा मोह अनेकांना आवरत नाही. ‘तुझा समजच अविवेकी आहे’ हे वाक्य भांडणात कोणी कोणाला सांगून आजवर कोणाचे भले झालेले नाही. याहून गंभीर चूक म्हणजे जिथे परिस्थिती बदलायला हवी तिथे स्वतःचा समज बदलत बसणे. घरात मारहाण होत असेल किंवा मालक पगार थकवत असेल, तर नोंदवही फार तर डोके शांत ठेवायला मदत करेल. उपाय कायद्याचा, संघटनेचा किंवा त्या जागेतून बाहेर पडण्याचा आहे.

वहीबाहेर काहीच न करणे

नवा समज वागण्यात उतरल्याशिवाय मुरत नाही. एलिस यांनी हे स्वतःवर आजमावले होते: मुलींशी बोलायची भीती घालवण्यासाठी त्यांनी वयाच्या एकोणिसाव्या वर्षी न्यूयॉर्कमधील ब्राँक्स वनस्पती उद्यानात महिनाभर अनोळखी स्त्रियांशी बोलण्याचा नेम केला, सुमारे शंभर जणींशी बोलले आणि भेटीचे ठरले ते एकीशीच, तीही आली नाही. भीती मात्र ओसरली. आपल्या उदाहरणातील वडिलांनी पुढच्या निकालाच्या दिवशी काय करायचे ते आधीच लिहून ठेवावे: गुण ऐकल्यावर जेवण होईपर्यंत त्या विषयावर बोलायचे नाही, नंतर उत्तरपत्रिका मागून घेऊन मुलाबरोबर एकच चुकलेले गणित सोडवायचे, आणि त्या वेळी रागाचा आकडा किती होता तो रात्री नोंदवायचा. भावाचा फोन आला तर 41 हाच आकडा सांगायचा, हे लाजेसाठीचे स्वतंत्र काम.

दोन आठवड्यांहून अधिक काळ मन सतत खिन्न राहत असेल, झोप आणि भूक बिघडली असेल, तर केवळ वहीवर विसंबू नये आणि मानसोपचारतज्ज्ञांना भेटावे. जगणे नकोसे वाटत असेल तर दोन आठवडेही थांबू नये. केंद्र सरकारची टेलिमानस ही मानसिक आरोग्यासाठीची विनाशुल्क दूरध्वनी सेवा 14416 या क्रमांकावर दिवसरात्र उपलब्ध आहे आणि तिथे मराठीतही बोलता येते.