संथ झालेला पीसी फॉरमॅट करण्याआधी या चुका टाळा

दोन-तीन वर्षं झाली की विंडोज आपोआप जड होते, मग फॉरमॅट मारायचा, हा समज आपल्याकडे इतका मुरला आहे की कित्येक दुकानांत पीसी उघडून बघण्याआधीच फॉरमॅटचा दर सांगितला जातो. समजाला एके काळी आधार होता. विंडोज ९८ मध्ये स्क्रीनवरच्या खिडक्या, बटणं, चित्रं यांचा हिशेब ठेवायला ६४ किलोबाइटचे मोजके कप्पे असत. ते भरले की रॅम शिल्लक असूनही पीसी हँग व्हायचा. एक प्रोग्राम टाकला की तो दुसऱ्याच्या डीएलएल फायली, म्हणजे अनेक प्रोग्राम मिळून वापरतात त्या सामाईक फायली, बदलून टाकायचा. विंडोज एक्सपीमध्ये तर डिस्ककडून सहा वेळा चूक आली की ती डिस्क पीआयओ नावाच्या अतिशय संथ पद्धतीने वाचली जाई, आणि पुढेही तशीच वाचली जाई. विंडोज नव्याने टाकली की ती नोंद पुसली जायची आणि पीसी पळायला लागायचा. तेव्हा फॉरमॅट खरोखर लागू पडत होता.

विंडोज १० आणि ११ मध्ये ही दुखणी उरलेली नाहीत. आज घरचा पीसी रखडतो तेव्हा त्यात काहीतरी वाढलेलं असतं, काहीतरी भरलेलं असतं किंवा एखादा भाग झिजलेला असतो. नेमकं काय, हे बहुतेक वेळा दहा मिनिटांत दिसतं. फॉरमॅट मारला की तो पुरावाच जातो.

न बघता उपाय सुरू करणे

पीसी रखडलेला असतानाच कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. सीपीयू, मेमरी, डिस्क या रकान्यांपैकी कोणता शंभर टक्क्यांजवळ गेलाय ते बघा आणि त्या रकान्याच्या नावावर क्लिक करा. सगळ्यात जास्त खाणारा प्रोग्राम वर येईल. पीसी नीट चालत असताना हे बघून उपयोग नाही.

मेमरी भरली असेल तर बहुधा ब्राउझर सापडतो. विंडोज ११ ला किमान ४ जीबी रॅम लागते असं कंपनी सांगते, पण त्या किमान आकड्यात विंडोज नुसती उभी राहते. वर दहा-पंधरा टॅब उघडले की जागा संपते आणि उरलेलं डिस्कवर लिहावं लागतं. ब्राउझरमध्ये नकळत साचलेली एक्स्टेन्शन्स, म्हणजे त्याला जोडलेले छोटे प्रोग्राम, काढा, फरक लगेच जाणवतो.

सीपीयू भरलेला आणि काहीच उघडलेलं नाही, असं असेल तर विंडोज कुठून आली ते आठवा. क्रॅक करून टाकलेल्या विंडोजसाठी जो ॲक्टिव्हेटर (विंडोज अधिकृत असल्याचं भासवणारा प्रोग्राम) चालवतात, तो आधी अँटिव्हायरस बंद करायला सांगतो. त्या उघड्या दारातून काय काय आत आलं ते कुणालाच माहीत नसतं. गुपचूप क्रिप्टो मायनिंग करणारे, म्हणजे तुमच्या पीसीवर दुसऱ्यासाठी आभासी चलन कमावणारे प्रोग्रामही अशाच वाटेने येतात.

मरायला टेकलेल्या डिस्कवर फॉरमॅट मारणे

सगळ्यात महागात पडणारी चूक ही, म्हणून इथे जरा थांबतो.

टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्स पानावर डिस्क निवडा. तिथे दोन गोष्टी एकत्र वाचायच्या: डिस्क किती टक्के कामात आहे, आणि सेकंदाला प्रत्यक्षात किती डेटा वाचते-लिहिते. शंभर टक्के कामात आणि डेटा मात्र सेकंदाला जेमतेम एक-दोन एमबी, असं दिसलं तर दोन शक्यता असतात.

पहिली, ती जुन्या पद्धतीची फिरणारी हार्ड डिस्क आहे आणि तिच्यावर एकदम दहा प्रोग्राम तुटून पडलेत. लॅपटॉपमधली अशी डिस्क मिनिटाला सहसा ५४०० फेरे घेते. विखुरलेल्या जागा वाचायच्या तर सेकंदाला साठ-सत्तर वाचनं एवढीच तिची कुवत. साधी एसएसडीसुद्धा (फिरणारे भाग नसलेली, चिपवर साठवणारी डिस्क) त्याच वेळात हजारो वाचनं करते.

दुसरी शक्यता घातक. डिस्कचे काही सेक्टर, म्हणजे डेटा साठवायचे बारीक कप्पे, खराब झालेत, आणि प्रत्येक अडलेल्या जागी डिस्क पुन्हा पुन्हा वाचायचा प्रयत्न करते आहे. त्याच पानावरचा ॲव्हरेज रिस्पॉन्स टाइम बघा. काम थोडं असतानाही तो शेकडो किंवा हजारो मिलिसेकंद दाखवत असेल, तर आधी क्रिस्टलडिस्कइन्फो हा डिस्कची तब्येत दाखवणारा मोफत प्रोग्राम चालवा. रिअलोकेटेड सेक्टर किंवा पेंडिंग सेक्टर या ओळींत शून्याऐवजी आकडा असेल आणि तो दिवसागणिक वाढत असेल, तर फोटो, कागदपत्रं, टॅलीचा डेटा त्याच दिवशी दुसरीकडे घ्या. अशा डिस्कवर फॉरमॅट मारून विंडोज टाकली की ती काही दिवस बरी चालल्यासारखी वाटते, कारण फायली आता वेगळ्या, चांगल्या जागी बसलेल्या असतात. मग एके दिवशी डिस्क बसते. लग्नाचे, बाळाच्या बारशाचे फोटो असे गेलेले बघवत नाहीत, आणि ते वाचू शकले असते हे जास्त लागतं.

शटडाउन म्हणजे पूर्ण बंद, असं धरून चालणे

परफॉर्मन्स पानावर सीपीयू निवडा आणि खाली अप टाइम वाचा. रोज रात्री शटडाउन करणाऱ्यांच्या पीसीवरही तिथे वीस-पंचवीस दिवस दिसतात. विंडोज ८ पासून फास्ट स्टार्टअप आलं: शटडाउन केल्यावर विंडोजचा गाभा आणि ड्रायव्हर (पीसीचे भाग चालवणारे छोटे प्रोग्राम) झोपवून डिस्कवर ठेवले जातात आणि सकाळी तसेच उठवले जातात. एखादा ड्रायव्हर मेमरी गिळत असेल तर तो आठवडाभर गिळतच राहतो. रीस्टार्ट मात्र सगळं नव्याने सुरू करतं. आठवड्यातून एकदा रीस्टार्ट करा.

रविवारी पीसी उघडून लगेच कामाला बसणे

आता मोबाइलमुळे घरचा पीसी आठवड्यातून एकदाच उघडतो. उघडताक्षणी विंडोज अपडेट, अँटिव्हायरसची तपासणी, ब्राउझरचं अपडेट, वनड्राइव्हचं सिंक (फायली इंटरनेटवरच्या साठ्याशी जुळवणं) हे सगळे साचलेलं काम घेऊन एकाच डिस्कच्या रांगेत उभे राहतात. पीसी बिघडलेला नसतो. चार्जर लावून, इंटरनेट चालू ठेवून तासभर तसाच सोडा आणि मग कामाला बसा. वैतागून अपडेट कायमची बंद करू नका. विंडोज १० ची मोफत नियमित अपडेट तर १४ ऑक्टोबर २०२५ लाच थांबली. ती वापरणाऱ्यांनी पुढची सोय आधीच बघावी.

काही अपडेटनी पीसी खरंच संथ केले, हेही सांगायला हवं. जानेवारी २०१८ मध्ये स्पेक्टर आणि मेल्टडाउन हे प्रोसेसरमधले दोष उघड झाले. त्यांवरच्या दुरुस्तीने जुन्या इंटेल प्रोसेसरचा वेग कमी होईल, असं मायक्रोसॉफ्टनेच तेव्हा मान्य केलं होतं. पण ती किंमत विंडोज नव्याने टाकूनही परत मिळत नाही.

रोग रेड्याला, औषध पखालीला

रजिस्ट्री, म्हणजे विंडोजची सेटिंगची नोंदवही, साफ करणारे क्लीनर टाकू नका. काही हजार निरुपयोगी नोंदींनी वेगात जाणवण्याजोगा फरक पडत नाही, चुकीची एक नोंद उडाली तर मात्र प्रोग्राम उघडत नाही. प्रीफेच फोल्डर (प्रोग्राम लवकर उघडावेत म्हणून विंडोज तिथे नोंदी ठेवते) रिकामं करण्याचा सल्ला व्हॉट्सॲपवर फिरतो. त्याने पुढच्या वेळी प्रोग्राम उलट हळू उघडतात. एसएसडीवर बाहेरचा डीफ्रॅगर (फायलींचे विखुरलेले तुकडे एकत्र लावणारा प्रोग्राम) चालवू नका, नुसती झीज होते. दोन अँटिव्हायरस एकत्र नकोत, मुदत संपलेलाही काढून टाका. विंडोजचा स्वतःचा डिफेंडर घरासाठी पुरतो.

याउलट सी ड्राइव्ह काठोकाठ भरलेला असेल तर तो खरा रोग आहे. पंधरा-वीस टक्के जागा मोकळी ठेवा, स्वस्त एसएसडी तर भरत आली की लिहिताना चांगलीच मंदावते. स्टार्टअप ॲप्सच्या यादीत लॉकडाउनपासून पडून असलेले मीटिंगचे प्रोग्राम सापडतील, तेही बंद करा.

मराठी डीटीपी करणाऱ्यांसाठी एक खास गोष्ट. श्रीलिपी, आकृती आणि कुठून कुठून कॉपी केलेले फॉन्ट मिळून हजारांवर गेले की वर्ड आणि कोरलड्रॉ उघडायलाच वेळ लागतो, आणि दोष विंडोजला मिळतो. नेहमी लागणारे ठेवा, बाकीचे वेगळ्या फोल्डरमध्ये काढा.

पंखा विसरणे

सुरू केल्यावर पहिली दहा मिनिटं चांगला आणि मग संथ, पंख्याचा आवाज मोठा, लॅपटॉप भाजतोय: हे उष्णतेचं लक्षण. प्रोसेसर शंभर अंशांच्या आसपास पोहोचला की जळू नये म्हणून स्वतःच वेग कमी करतो. विदर्भात मे महिन्यात बाहेर ४५ अंश असताना, गादीवर ठेवलेल्या आणि आत धूळ साचलेल्या लॅपटॉपला थंड हवा मिळणार कुठून? पंखा साफ करून थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता बाहेर नेणारा लेप) बदलून घ्या.

आणि फॉरमॅट करायचाच असेल तर

व्हायरस खोलवर शिरला असेल किंवा क्रॅक विंडोज काढून अधिकृत टाकायची असेल, तर फॉरमॅट योग्यच. लॅपटॉपमध्ये अजून फिरणारी डिस्क असेल तर त्याच वेळी एसएसडी बसवून घ्या आणि विंडोज तिच्यावर टाका. आधी बिटलॉकरची, म्हणजे डिस्कला विंडोजने लावलेल्या कुलपाची, रिकव्हरी की मायक्रोसॉफ्ट खात्यात आहे का ते तपासा आणि कागदावर लिहून ठेवा. जुनी डिस्क दुकानात सोडून येऊ नका. यूएसबी केसमध्ये (डिस्क बाहेरून जोडायच्या डबीत) घालून घरी आणा, आणि सगळ्या फायली नव्या जागी उघडतायत याची खात्री होईपर्यंत तिच्यावरचं काहीही पुसू नका.