तेजोमेघातली खनिजं: द्रवणांकाचा तक्ता बाजूला ठेवा, या चुका टाळा

भूशास्त्राच्या मुलांना घेऊन सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात गेलो, की स्टिल्बाइटच्या गुलाबीसर जुड्यांसमोर कुणीतरी हमखास विचारतं, “सर, सूर्यमालेतली पहिली खनिजंही अशीच तयार झाली ना?” नाही. आपल्याकडचे हे स्फटिक सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या पोकळ्यांत, नंतर झिरपलेल्या गरम पाण्यातून वाढले. तेजोमेघातली, म्हणजे ज्या वायू-धुळीच्या ढगातून सूर्यमाला घडली त्यातली, खनिजं त्याच्या साडेचारशे कोटी वर्षं आधीची, आणि ती थेट वायूतून जमली. ही गल्लत आधी सोडवा, मग पुढे जा.

आता खरी चूक. एका वहीत हे गणित पाहिलं: फॉर्स्टेराइटचा (मॅग्नेशियम-सिलिकॉन-ऑक्सिजनचं खनिज) द्रवणांक १८९० अंश सेल्सिअस, लोखंडाचा १५३८, म्हणजे थंड होताना फॉर्स्टेराइट साडेतीनशे अंश आधी जमणार. हिशेब चोख, पण प्रश्नच वेगळा! द्रवणांक सांगतो की घन पदार्थ त्याच्याच द्रवाशी कधी समतोल साधतो. तेजोमेघात द्रव जवळपास येतच नाही. तिथे एक बारच्या (साधारण आपल्या हवेच्या दाबाच्या) दहा हजाराव्या भागाइतका दाब, त्यातही बहुतेक हायड्रोजन. एवढ्या विरळ वायूत दोन्ही खनिजं सुमारे १३५० केल्विनला, म्हणजे १०८० अंश सेल्सिअसच्या आसपास, जवळजवळ जोडीनं जमतात. दाब वाढवा, लोखंड आधी जमतं. कमी करा, फॉर्स्टेराइट. तेव्हा उत्तर लिहिताना दाब कुठला धरलाय हे पहिल्या ओळीत लिहा. ते नसेल तर तापमानाच्या आकड्याला अर्थ नाही.

वायू थेट घन होतो हे पटत नसेल तर जुन्या फ्रीजरच्या भिंती आठवा. तिथला भुसभुशीत पांढरा थर हवेतल्या बाष्पातून सरळ बर्फ होऊन बसलेला असतो.

“जे जास्त, ते आधी” असंही मुलं धरून चालतात. ॲल्युमिनियमचे अणू सिलिकॉनच्या जेमतेम बाराव्या हिश्श्याइतके, तरी सगळ्यात आधी, सुमारे १६७५ केल्विनला, जमतो तो कुरुंद, म्हणजे ॲल्युमिनियम ऑक्साइड. कारण त्याला ऑक्सिजनशी बांधलेलं घन रूप फार सोयीचं पडतं. वायूत राहणं परवडत नाही. (केल्विनच्या मागे ‘अंश’ लावू नका आणि सेल्सिअस करताना २७३ वजा करा. निम्मे गुण इथेच जातात.)

मला सर्वात जास्त सांगावंसं वाटतं ते हे: जमलेलं खनिज तसंच पडून राहत नाही. कुठलं खनिज किती तापमानाला जमतं याचे अनेक तक्ते पायऱ्यांसारखे काढलेले असतात, म्हणून वाटतं की प्रत्येक खनिज आपापल्या पायरीवर येऊन बसलं. प्रत्यक्षात भोवतालचा वायू त्याच्याशी बोलत राहतो. कुरुंद कॅल्शियमच्या वायूशी मिळून हिबोनाइट होतो. फॉर्स्टेराइट सिलिकॉन मोनॉक्साइड आणि बाष्प घेऊन सुमारे १३१५ केल्विनला एन्स्टाटाइटकडे, म्हणजे जास्त सिलिकॉनच्या खनिजाकडे, वळतो. लोखंड मात्र गंधकाची वाट बघत सुमारे ७०० केल्विनपर्यंत थांबतं, मग ट्रॉयलाइट, म्हणजे लोह-गंधकाचं खनिज. पाण्याचा बर्फ तर १८० केल्विनला.

वायू निसटला किंवा कणाच्या गाभ्यापर्यंत पोहोचलाच नाही, तर ही बदलाची साखळी मध्येच तुटते. म्हणून ८ फेब्रुवारी १९६९ ला मेक्सिकोत पडलेल्या आयेंदे अशनीत कॅल्शियम-ॲल्युमिनियमचे पांढरट तुकडे अजून दिसतात. अशा तुकड्यांचं वय सुमारे ४५६.७ कोटी वर्षं. त्यातले काही नंतर पुन्हा वितळले, तेव्हा प्रत्येक पांढरा ठिपका ‘शुद्ध संघनन’, म्हणजे थेट वायूतून जमलेला, म्हणून मोजू नका. शेजारचे गोल कॉन्ड्रूल तर सरळ वितळून थिजलेले थेंब.

आणि तक्त्यात ऑक्साइडऐवजी ग्रॅफाइट नि कार्बाइड निघत असतील, तर वायूतलं कार्बन-ऑक्सिजनचं प्रमाण तपासा. सूर्यासारख्या वायूत ते साधारण अर्धं असतं. एकाच्या वर गेलं की ऑक्सिजन कार्बन मोनॉक्साइडमध्ये अडकतो आणि सगळा क्रमच बदलतो.