स्पीकर कानाला बोचतायत? नवीन अँप घ्यायच्या आधी हे वाचा

नवीन स्पीकर लावले की पहिले काही दिवस भारी वाटतं, सगळं कसं सुटं सुटं आणि लख्ख ऐकू येतंय असं वाटतं, आणि मग हळूहळू लक्षात येतं की अर्ध्या तासाच्या वर ऐकवतच नाही. लताबाईंचा वरचा सूर आला की आवाज कमी करायला हात जातो, "स" आणि "श" टोचतात, टाळ-झांजा कानात घुसतात. कुणालाही विचारा, सल्ला ठरलेला, "स्पीकर ब्राइट आहे, वॉर्म अँप लाव", म्हणजे स्पीकर वरचे सूर जास्त देतो तर ते मऊ करणारा अँप्लिफायर घे. मला हे मनापासून पटत नाही, कारण यात लोकांचे तीस-चाळीस हजार जातात आणि बऱ्याचदा आजार म्हशीला नि इंजेक्शन पखालीला असा प्रकार होतो. स्पीकर आणि अँपचं मॅचिंग करायलाच पाहिजे पण ते इलेक्ट्रिकल मॅचिंग, म्हणजे वॉट आणि ओहमचा मेळ, कुठला ब्रँड गोड आणि कुठला तिखट असलं नाही.

आधी बोचतं कधी ते ओळखा. अगदी हळू आवाजात, बाजूच्याशी बोलता येईल इतक्या व्हॉल्युमला पण बोचत असेल तर अँपची पॉवर कमी पडतीये असं नाही, ते खोलीमुळे किंवा स्पीकरच्याच बॅलन्समुळे. हळू छान, पण मोठं केलं की एकदम कर्कश होत असेल तर अँपवर संशय घ्या, मात्र रिकाम्या खोलीत सुद्धा मोठ्या आवाजाला असंच होतं हे लक्षात ठेवा. ठरावीक गाण्यांनाच होत असेल तर रेकॉर्डिंगच तसं आहे, आणि स्पॉटिफायवर ऐकत असाल तर सेटिंगमध्ये व्हॉल्युम लेव्हल "लाउड" वर नाही ना ते बघा, तिथे लिमिटर (आवाजाची टोकं दाबणारा) लागतो, "नॉर्मल" वर ठेवा. आपला कान २ ते ५ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात सगळ्यात तिखट असतो, तिथे एक-दोन डीबी (डेसिबल, आवाजाचं माप) जास्त झाले तरी डोकं उठतं, आणि टू-वे स्पीकरमध्ये वूफरकडून (खालचे सूर वाजवणारा मोठा कोन) ट्विटरकडे (वरचे सूर वाजवणारा छोटा) आवाज सोपवायची जागा सुद्धा बहुतेक वेळा २-३ किलोहर्ट्झच्या आसपासच असते. म्हणून दरवेळी ट्विटरच्या नावाने खडे फोडू नका.

फुकटातलं आधी उरकून घ्या. मागच्या लाल-काळ्या तारा दोन्ही स्पीकरला सारख्या आहेत का बघा, एका बाजूला उलट्या लागल्या तर दोन वूफर एकमेकांचा बेस खाऊन टाकतात आणि उरतो तो नुसता पातळ आवाज जो कर्कशच वाटणार. मग हॉलच्या मध्यात उभं राहून एक जोरात टाळी वाजवा. आपल्याकडे फ्लॅट म्हणजे व्हिट्रिफाइड टाइल्स, गुळगुळीत पीओपी, स्लाइडिंगच्या काचा आणि समोर काचेचा टीपॉय, टाळीच्या मागे झिंग्ग् असा शेपटा ऐकू आला की समजायचं अर्धा त्रास इथेच आहे. तुम्ही सोफ्यावर बसा, दुसऱ्या कुणालातरी बाजूच्या भिंतीवरून आरसा सरकवत न्यायला सांगा, आरशात स्पीकर दिसला की ती जागा महत्त्वाची. तिथे कपडे वाळत घालायचा स्टँड उभा करून त्यावर दोन जाड गोधड्या टाका आणि तेच गाणं परत ऐका. फरक पडला तर मग पैसे जाड गालिच्यात, चुण्या पडतील अशा भरगच्च पडद्यात किंवा पुस्तकांच्या कपाटात घाला. पातळ सतरंजीवर फार भरवसा ठेवू नका, ती फक्त अगदी वरचं टोक शोषते, टोचणारा पट्टा तसाच राहतो.

स्पीकरची तोंडं थेट कानाकडे असतील तर सरळ समोर करून बघा, ट्विटरचा आवाज बाजूला कमी होत जातो त्यामुळे एवढ्यानेच काहीजणांचं काम होतं. आणि भिंतीपासून फार पुढे ओढून ठेवले असतील तर थोडे मागे ढकला, खालचा आवाज भरला की वरचा आपोआप कमी बोचतो.

आता अँप.

पहिलं पॉवरचं गणित, कारण इथे सगळ्यात जास्त गोंधळ. समजा स्पीकरची सेन्सिटिव्हिटी ८६ डीबी आहे, म्हणजे एक वॉटला एक मीटरवर ८६. तीनेक मीटरवर सोफ्यावर, दोन्ही स्पीकर मिळून, प्रत्येकी एका वॉटमध्ये साधारण ८०-८२ डीबी मिळतात जो घरात चांगला मोठा आवाज झाला. पण तबल्याची थाप किंवा ड्रमचा फटका सरासरीच्या १५-२० डीबी वर जातो आणि दर १० डीबीला पॉवर दहापट लागते, म्हणजे त्या क्षणापुरते ३० ते १०० वॉट हवेत. तिथे २० वॉटचा अँप असेल तर लाटेचं डोकं कापलं जातं (यालाच क्लिपिंग म्हणतात), त्यातून गाण्यात नसलेले हार्मोनिक्स (वरच्या पट्टीतले जास्तीचे सूर) तयार होतात, ते नेमके ट्विटरच्या वाट्याला येतात आणि आपण म्हणतो ट्विटर खराब! इथे मोठा अँप घेणं हेच खरं औषध. बॉक्सवरचे पीएमपीओ (फुगवून सांगितलेले) वॉट बघूच नका, ८ ओहमला, दोन्ही चॅनल एकत्र चालवून, २० ते २०,००० हर्ट्झपर्यंत किती आरएमएस (सतत देता येणारे) वॉट, एवढंच विचारा.

उलट क्लिप्शच्या आरपी-६००एम सारखा हॉर्नवाला (ट्विटरपुढे भोंगा असलेला) स्पीकर असेल, ज्याची सेन्सिटिव्हिटी कंपनी ९६ डीबी सांगते, तर तेवढ्याच आवाजाला दहावा हिस्सा पॉवर पुरते. अशा स्पीकरला २०० वॉटचा अँप लावून आवाज मऊ होणार नाही, पॉवर कमी पडतच नव्हती. तिथे खोली, तोंड फिरवणं आणि इक्यू (इक्वलायझरने ठरावीक सूर कमी-जास्त करणं) हाच रस्ता.

दुसरं ओहम, म्हणजे स्पीकरचा विजेला होणारा विरोध (इम्पिडन्स) मोजायचं माप. मागे ८ लिहिलेला स्पीकर सुद्धा काही फ्रिक्वेन्सीला ४ च्या आसपास उतरतो आणि अँपला तिथे जास्त करंट द्यावा लागतो. हलका एव्ही रिसीव्हर (होम थिएटरचा अँप) इथे धापा टाकतो. बऱ्याच रिसीव्हरच्या मेनूत ४ किंवा ६ ओहमचं सेटिंग असतं, त्याने अँपची ताकद वाढते असं वाटतं पण बहुतेकांत ते आतलं व्होल्टेज कमी करतं, गरम कमी होतो आणि क्लिपिंग मात्र आधी येतं. स्पीकर ४ ओहमचा असेल तर ४ ओहमला किती वॉट हे लिहून दिलेलाच अँप घ्या, आणि तो आकडा ८ ओहमच्या दुपटीच्या जितका जवळ तितका पॉवर सप्लाय दमदार.

तिसरा मुद्दा व्हॉल्व्ह म्हणजेच ट्यूब अँपचा. "ट्यूब लाव, सगळं लोण्यासारखं होईल" हे सरसकट खरं नाही. ट्यूब अँपचा स्वतःचा आउटपुट इम्पिडन्स जास्त असतो, समजा २ ओहम, आणि स्पीकर एका जागी ४ ओहम, दुसऱ्या जागी २० ओहम असेल तर ४ च्या जागी साडेतीन डीबी पडतात आणि २० च्या जागी एक सुद्धा पडत नाही, म्हणजे अडीच-पावणेतीन डीबीचा फरक आपोआप तयार झाला. हा २० ओहमचा उंचवटा २ किलोहर्ट्झच्या आसपास असला (पुष्कळ टू-वे स्पीकरला तो तिथेच असतो) तर ट्यूबने कर्कशपणा वाढणार. आधी त्या मॉडेलचा इम्पिडन्स ग्राफ शोधा, रिव्ह्यूमध्ये बऱ्याचदा मिळतो, आणि वर साधारण सपाट किंवा उतरता असेल तरच ट्यूबचा विचार करा.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा ऑनलाइन मिळणारे टीपीए३११६ चिपवाले छोटे क्लास डी (स्विचिंगवर चालणारे) अँप किमतीला उत्तम आहेत, पण त्यांच्या आउटपुट फिल्टरचा हिशोब ठरावीक ओहम धरून केलेला असतो. ४ ओहमसाठी केलेल्यावर ८ चा स्पीकर लावला तर अगदी वरचं टोक दोन-एक डीबी उचललं जाऊ शकतं. हायपेक्ससारख्या कंपनीच्या क्लास डी मोड्यूलमध्ये फीडबॅक (आउटपुट तपासून चूक सुधारणारी परत-जोडणी) फिल्टरच्या नंतर घेतात म्हणून तिथे हा प्रश्न येत नाही.

बाकी दोन चांगले ट्रान्झिस्टर अँप, दोन्ही आपापल्या मर्यादेत, आवाज सारखा लावलेला, यांच्या टोनमध्ये फरक फार थोडा असतो. डॅकमध्ये (डिजिटल गाण्याचा अॅनालॉग सिग्नल बनवणारं यंत्र) त्याहून थोडा. आणि चांदीच्या वायरी घेऊन ट्रेबल मऊ करायला जाऊ नका प्लीज, ते पैसे पडद्यांना लागतील. डेनॉन किंवा मरँट्झचा ऑडिसीवाला (खोलीप्रमाणे आवाज आपोआप जुळवणारी सोय असलेला) रिसीव्हर असेल तर "फ्लॅट" ऐवजी "रेफरन्स" निवडा, त्यात वरचा भाग थोडा उतरवलेला असतो.

एवढं करून सुद्धा हळू आवाजात टोचतंयच तर मग ट्विटरलाच थोडं खाली आणा. स्पीकरला मागे चार टर्मिनल असतील तर हे काम बॉक्स न उघडता होतं. अँप बंद करा. वरच्या आणि खालच्या लाल टर्मिनलला जोडणारी पितळी पट्टी काढा, काळी तशीच राहू द्या. अँपची तार खालच्या जोडीवर घ्या. काढलेल्या पट्टीच्या जागी १ ओहम १० वॉटचा पांढरा सिमेंट रेझिस्टर लावा, दोन्ही पाय नीट कसून, कुठे काळ्याला टेकणार नाही असे. पुण्यात पासोड्या विठोबाजवळ किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला अगदी किरकोळ पैशात मिळतो. ट्विटरचा भाग ८ ओहमचा धरला तर १ ओहमने साधारण १ डीबी आणि दीड ओहमने दीड डीबी कमी होतो, दोन्ही स्पीकरला सारखाच लावायचा. १ डीबी वाचायला काहीच वाटत नाही पण अख्खा ट्विटर तेवढा खाली आला की कानाला लगेच कळतं. नाही आवडलं तर पट्टी परत लावा.

वीमसारखा स्ट्रीमर (नेटवरून गाणी वाजवणारा डबा) असेल किंवा कॉम्प्युटरवर इक्वलायझर एपीओ नावाचं सॉफ्टवेअर टाकलं असेल तर याहून नेमकं करता येतं, ३ किलोहर्ट्झ, वजा २ डीबी, क्यू (पट्टा किती रुंद ते) १ असा एक फिल्टर लावून सुरुवात करा, मग फ्रिक्वेन्सी थोडी खाली-वर सरकवत जिथे टोचणं सगळ्यात कमी होतं तिथे थांबा. वजा ४ च्या खाली जायची वेळ आली तर स्पीकर तुमच्या कानाचा नाही, चांगल्या स्थितीत आहे तोवर विका आणि सॉफ्ट डोमवाला (कापडी घुमटाचा ट्विटर असलेला) एखादा घरी आणून ऐका.

ऐकायला नेताना स्वतःची गाणी न्या, त्यात घरी सगळ्यात जास्त टोचणारं एक हवंच. आणि दोन अँपची तुलना करत असाल तर पिंक नॉइज (सगळे सूर असलेला खरखरता टेस्ट आवाज) लावून स्पीकरच्या टर्मिनलवर मल्टीमीटरने एसी व्होल्टेज सारखं करून घ्या, कारण जो अर्धा डीबी जरी मोठा वाजतो तोच चांगला वाटतो आणि दुकानदाराला हे पक्कं माहीत असतं.