चंद्रावरची भारित धूळ सोलापूरच्या वर्गात कशी दाखवावी

हा प्रयोग फेब्रुवारी ते मे या काळात करावा. सोलापूरची कोरडी हवा या कामी फार मोलाची आहे, कारण पावसाळ्याच्या दमट हवेत घासलेल्या नळीवरचा विद्युतभार पाहता पाहता ओसरतो. अर्धा मीटर लांबीची पीव्हीसी नळी, स्टीलचे ताट, पांढरी रांगोळी आणि घोंगडीचा तुकडा एवढे साहित्य पुरते. आपली सोलापुरी चादर सुती असल्याने ती येथे उपयोगी पडत नाही; लोकरच हवी.

रांगोळी वस्त्रगाळ करून तव्यावर पाच-सात मिनिटे कोरडी तापवावी आणि निवू द्यावी. ही दगडाची भुकटी असल्याने चाळताना नाकातोंडावर मास्क बांधावा व हे काम मुलांकडे देऊ नये. ताटात तिचा पातळ थर पसरून त्याचा अर्धा भाग वाटीच्या बुडाने दाबून घ्यावा, उरलेला तसाच भुसभुशीत ठेवावा. मग नळी घोंगडीने जोरात घासून थरावर दोन-तीन सेंटीमीटर उंचीवर आडवी धरावी. कण उडून नळीला चिकटतात, काही पुन्हा दूर फेकले जातात, आणि दाबलेल्या भागातून कमी कण सुटतात. हा फरक मुलांना स्वतः पाहू द्यावा, कारण पुढच्या स्पष्टीकरणात भुसभुशीत थराचा मुद्दा पुन्हा येतो.

आपण भार घासून निर्माण केला. चंद्रावर तो सूर्य निर्माण करतो. तेथे हवा नसल्याने अतिनील किरण थेट धुळीवर पडतात आणि कणांमधून इलेक्ट्रॉन बाहेर काढतात, त्यामुळे दिवसाच्या बाजूचा पृष्ठभाग काही व्होल्ट धनभारित होतो. रात्रीच्या बाजूला भोवतालच्या प्लाझ्मातील (म्हणजे भारित कणांच्या विरळ वायूतील) इलेक्ट्रॉन साचून तो ऋणभारित होतो आणि विभव (विद्युतदाब) शेकडो व्होल्टपर्यंत जाऊ शकते. एप्रिलमधले सोलापूरचे ऊन कितीही प्रखर वाटले, तरी यासाठी लागणारे आखूड लांबीचे किरण वातावरणातच शोषले जातात. म्हणून ताट उन्हात ठेवून हा परिणाम दिसत नाही.

येथे एक अडचण मुलांपुढे मोकळेपणाने मांडावी. दिवसाच्या बाजूचा सरासरी भार एवढा थोडा असतो की, गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या सहाव्या हिश्श्याइतके असूनही, एकमेकांना घट्ट धरून बसलेले कण त्याने सुटू नयेत. तरीही 1968 साली चंद्रावर उतरलेल्या सर्व्हेयर-7 या अमेरिकी यानाच्या कॅमेऱ्याने सूर्यास्तानंतर क्षितिजालगत उजेडाची पट्टी टिपली आणि तिचा संबंध जमिनीलगत तरंगणाऱ्या धुळीशी जोडला गेला. कोलोरॅडो विद्यापीठातील संशोधकांनी 2016 साली मांडलेला विचार मला सर्वांत पटतो: कणांमधल्या सूक्ष्म पोकळ्यांत एका कणातून सुटलेले इलेक्ट्रॉन शेजारच्या कणांवर अडकतात, तेथे मोठा ऋणभार साचतो आणि शेजारी कण एकमेकांना जोराने दूर लोटतात. पोकळ्या थर भुसभुशीत असेल तरच असतात. आपल्या ताटात भार वरून लावलेला असल्याने ही यंत्रणा दिसत नाही. दिसते ते एवढेच, की दाबलेला थर कणांना अधिक घट्ट धरतो.

धूळ फार उंच जाते, असे मात्र सांगू नये. नासाच्या लॅडी यानाने 2013-14 मध्ये चंद्राभोवती फिरून तिचा शोध घेतला, तेव्हा विद्युतभाराने उंच उचललेल्या दाट धुळीचा पुरावा मिळाला नाही.

शेवटी नळी ओल्या फडक्याने पुसावी, म्हणजे धूळ आणि भार दोन्ही जातात. चंद्रावर ही सोय नसल्याने काचेत बारीक तारा बसवून, त्यांत बदलता विद्युतदाब देऊन धूळ झटकण्याची पद्धत मार्च 2025 मध्ये चंद्रावर उतरलेल्या ब्लू घोस्ट या यानावर प्रत्यक्ष वापरून पाहण्यात आली.