हॉरर गेमचं कव्हर करताय? या चुका टाळा

गेम स्टीमवर, म्हणजे कॉम्प्युटर गेमच्या ऑनलाइन दुकानात, चढवला, पेज लाइव्ह झालं, आणि विशलिस्टचा, म्हणजे 'पुढे घेऊ' म्हणून गेम नोंदवून ठेवणाऱ्यांचा, आकडा काही हलेना. पहिला संशय मार्केटिंगवर जातो. त्याआधी स्टीमवर्क्समधला, म्हणजे गेम करणाऱ्यांसाठीच्या स्टीमच्या साइटवरचा, ट्रॅफिकचा रिपोर्ट उघडा. इम्प्रेशन (कव्हर किती वेळा दिसलं) भरपूर आणि व्हिजिट (पेज किती वेळा उघडलं) तुरळक असतील तर कव्हर लोकांच्या नजरेखालून जातंय, पण थांबायला कोणी तयार नाही. व्हिजिट बऱ्या आहेत, विशलिस्ट होत नाही, असं असेल तर दुखणं दुसरीकडे आहे: ट्रेलरमध्ये, स्क्रीनशॉटमध्ये, किंवा कव्हरवर एक दाखवून आत भलतंच निघालं यात. आणि दोन्ही आकडे किरकोळ असतील तर कव्हरला बोल लावू नका, ते अजून कोणी पाहिलेलंच नाही.

पहिल्या प्रकारात मोडणारी कव्हरं मी सतत बघतो. संभाजीनगर, लातूर, नांदेडकडे आता घरच्या घरी गोडोट किंवा अनरियल या सॉफ्टवेअरवर गेम करणारी पोरं आहेत, आणि त्यांच्या गेममध्ये दम असतो. कव्हर मात्र सगळ्यांचं एकसारखं: पूर्ण चंद्र, वडाचं झाड, पांढऱ्या साडीतली केस मोकळे सोडलेली बाई, खाली रक्ताळलेलं नाव.

गेम एक, कव्हर दुसरंच

परभणीकडच्या दोघांचा एक गेम घ्या. कल्पना अस्सल आपल्या मातीतली. शेतीच्या मोटारीची लाइट रात्रीची येते, म्हणून एक माणूस अपरात्री एकटाच दारं धरायला जातो. हातात बॅटरी, लांबवर स्टार्टरच्या पेटीचा लाल दिवा. पाणी एका सरीतून दुसरीत वळवायचं, आणि प्रत्येक फेरीला विहिरीजवळून जायचं. खेळताना मानेवर काटा येतो. या गेमचं कव्हर काय, तर वडाखालची तीच बाई. गेममध्ये बाई नाही आणि वडही नाही.

भीती जितकी नेमकी, तितकी ती लांबच्या माणसालाही कळते. पोलंडमधल्या खेळाडूला रात्रीची लाइट म्हणजे काय हे ठाऊक नसेल, पण विहिरीच्या काठावर बॅटरीच्या झोतात दिसणारा चपलांचा जोड त्याला कळतो. चपला आहेत, माणूस नाही. बस, एवढंच चित्र पुरे. उलट पांढऱ्या साडीतली बाई त्याने आधीच शंभर ठिकाणी पाहिलेली असते.

म्हणून चित्रकाराला 'भीतीदायक काहीतरी काढ' असं सांगू नका. गेममधला असा एक क्षण सांगा, जो दुसऱ्या कुठल्याच गेममध्ये नाही. तो सापडत नसेल तर अडचण कव्हरची नाही, पण तो विषय वेगळा.

सगळंच कोंबणं

गढी आहे, बारव आहे, कंदील आहे, तीन भुतं आहेत, नायकाचा चेहराही आहे. चौकातला वाढदिवसाचा फ्लेक्स असतो तसं कव्हर होतं. कोणी रुसू नये म्हणून सगळ्यांचे फोटो. फ्लेक्स निदान वीस फूट असतो.

कॅप्सूलचं, म्हणजे स्टीमवर वेगवेगळ्या आकारांत लावायच्या कव्हरचं, तसं नाही. मुख्य कॅप्सूल १२३२ बाय ७०६ पिक्सेलची, हेडर ९२० बाय ४३०, छोटी ४६२ बाय १७४. तुम्ही रंगवता मोठीवर आणि जीव लावता मोठीवर. पण सर्चच्या यादीत छोटीचंच आणखी लहान रूप दिसतं, आकसून थेट १२० बाय ४५ पर्यंत. तेवढ्या जागेत गढी म्हणजे तपकिरी डाग. त्यामुळे छोटी कॅप्सूल ही मोठीची आकसलेली प्रत नसावी. ती वेगळी बसवा: नाव जवळजवळ पूर्ण रुंदीभर, मागे एकच आकार. चपला मावत नसतील तर नुसता झोत ठेवा.

तपासायची रीत सोपी आहे. सर्चच्या पानाचा स्क्रीनशॉट घ्या, त्यात दहा हॉरर गेमच्या मधोमध आपलं कव्हर चिकटवा, मोबाइलवर उघडून गेमशी संबंध नसलेल्या कुणालाही दाखवा. मावशी, मेसवाले, कोणीही. एक नजर टाकून 'काय दिसलं' एवढंच विचारायचं. 'छान आहे का' विचारलंत तर छानच म्हणतील.

अंधार म्हणजे नुसता काळा रंग नव्हे

ही चूक सर्वांत जास्त दिसते, आणि दुरुस्त करताना लोक ब्राइटनेस वाढवून चित्राची पार वाट लावतात. दौलताबादच्या किल्ल्यातली अंधारी, म्हणजे काळोखी भुयारी वाट, ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे लवकर उमगेल. तिथे दडपण येतं ते पूर्ण काळोखात नाही, तर जिथे मागचा उजेड संपतो आणि पुढची पायरी दिसेनाशी होते तिथे. कव्हरलाही अशी एक कड लागते. चित्रात उजेडाची जागा एकच ठेवा आणि भीतीची वस्तू तिच्या हद्दीवर ठेवा, बाकी खुशाल बुडू द्या.

स्टीमचं पानच गडद निळं आहे, हे विसरू नका. चारही कडांना काळं असलेलं कव्हर त्या पानात विरघळून जातं. चित्र ग्रेस्केल करून बघा. रंग गेल्यावर आकार ओळखू येत नसेल तर तो रंगातही येत नाही, तुम्हाला फक्त सवयीने दिसतोय.

काळ्यावर लाल हा तर हॉररवाल्यांचा कुळाचारच. काळ्यावर पांढऱ्याचा कॉन्ट्रास्ट, म्हणजे उजेडातला फरक, २१ ला १ भरतो. शुद्ध लाल घेतला तर तो सव्वापाचच्या आसपास येतो, आणि सुकलेल्या रक्ताचा गडद लाल घेतलात तर जेमतेम दोन. त्यात फाइल जेपेग असेल तर लाल कडा आणखी फुटतात, कारण त्या फॉरमॅटमध्ये रंगाची माहिती बहुतेक वेळा कमी बारकाव्याने साठवली जाते. नाव फिकट हाडाच्या रंगात करा, लाल एखाद्या ठिपक्यापुरता ठेवा, फाइल पीएनजी द्या. स्टार्टरचा तो लाल दिवा तेवढ्यावर उठून दिसेल.

नावाची अक्षरं

रक्त ठिबकणारा फॉन्ट रोमनमध्येही जुनाट दिसतो, देवनागरीत तर घोटाळाच करतो. अक्षराखालचा ओघळ उकार वाटतो. 'गढी' लिहिलेलं 'गुढी' वाचलं गेलं की भीतीचा पाडवा झालाच म्हणून समजा! शिवाय देवनागरीला वर वेलांट्या आणि मात्रा, खाली उकार. तेवढ्याच उंचीत अक्षराचा मधला भाग बारीक होतो. म्हणून ठसठशीत जाड फॉन्ट निवडा. बलू, मुक्ता, मोदक हे 'एक टाइप' या फॉन्ट करणाऱ्या संस्थेचे फॉन्ट मुक्त परवान्याचे आहेत, विकायच्या गेमसाठीही चालतात. डीटीपीच्या दुकानातून पेन ड्राइव्हवर आणलेल्या फॉन्टचा परवाना कोणाकडे आहे ते आधी बघा.

फोटोशॉपमध्ये जोडाक्षरं फुटत असतील, पाय मोडलेली अक्षरं दिसत असतील किंवा पहिली वेलांटी अक्षराच्या मागे जात असेल, तर फॉन्ट बदलत बसू नका. फोटोशॉपच्या जुन्या आवृत्त्यांत प्रेफरन्सेसमध्ये टाइप विभागात जाऊन भारतीय लिपींना आधार देणारं टेक्स्ट इंजिन निवडा, नवं डॉक्युमेंट उघडून पुन्हा टाइप करा.

बाहेरच्या देशांतले खेळाडू हवे असतील तर स्टीमच्या मूळ कॅप्सूलवर नाव रोमन लिपीतच ठेवा. देवनागरी रूप इच डॉट आयओ या गेमच्या दुसऱ्या साइटवर वापरा. तिथलं कव्हर ६३० बाय ५०० चं असतं आणि जिफही चालते. फक्त जिफमध्ये दचकवणारा चेहरा टाकू नका. यादी चाळताना चिडलेला माणूस पेजवर येत नाही.

नियमात अडकणं

१ सप्टेंबर २०२२ पासून स्टीमच्या कॅप्सूलवर गेमचं चित्र, नाव आणि अधिकृत उपशीर्षक एवढंच चालतं. बक्षिसाचं चिन्ह, रिव्ह्यूतलं वाक्य, 'आता सवलतीत' यातलं काहीही नाही. चित्र सगळ्या वयाच्या लोकांना दाखवण्याजोगं हवं, तेव्हा आतडी आणि तोडलेले हात गेमच्या आतच राहू द्या. एआयने केलेलं चित्र वापरत असाल तर तसं जाहीर करावं लागतं. माझं मत विचाराल तर वापरूच नका. वरचं वडाचं झाड आणि पांढरी साडी तिथूनच फुकट मिळते.

बदलताना

कव्हर बदलायचं ठरलं तर सगळे आकार एकदम बदला. हेडरवर विहीर आणि लायब्ररीत, म्हणजे खेळाडूने घेतलेल्या गेमच्या यादीत, जुनी बाई असं झालं तर लोकांना दोन वेगळे गेम वाटतात. सेल चालू असताना बदलू नका, आकडे कशामुळे हलले ते कळणार नाही. नेक्स्ट फेस्टमध्ये, म्हणजे येऊ घातलेल्या गेमचे डेमो दाखवणाऱ्या स्टीमच्या उत्सवात, एका गेमला एकदाच जाता येतं, तेव्हा नवं कव्हर त्याच्या बरंच आधी लावून त्याचे आकडे बघून घ्या.

आणि चित्रकाराशी व्यवहार ठरवतानाच लेयर सुट्या असलेली मूळ फाइल मागा. लायब्ररीचं मोठं आडवं चित्र ३८४० बाय १२४० चं लागतं, त्यावर अक्षर एकही नको. नावाचा लोगो पारदर्शक पीएनजीत वेगळा द्यावा लागतो. उभ्या कॅप्सूलसाठी विहिरीच्या वरचं आभाळ आणि आडव्यासाठी बाजूचं रान जास्तीचं रंगवून घ्या. नंतर मागितलं तर चित्रकार पुन्हा पैसे मागेल, आणि त्याचं तेही बरोबरच असतं.