ब्लॉक की चार्ज : पंचाने काय पाहायचं, कधी पाहायचं

बास्केटबॉलमध्ये आक्रमक आणि डिफेंडर धडकले आणि दोष डिफेंडरचा असला तर ब्लॉक, आक्रमकाचा असला तर चार्ज. ड्राइव्ह, म्हणजे चेंडू घेऊन बास्केटकडे मुसंडी, सुरू झाला की नजर आपसूक चेंडूकडे जाते, आणि निर्णय तिथेच फसतो. चेंडूवाला कुठे निघालाय ते डोळ्याच्या कडेनेही कळतं. रोखून पाहायचं ते डिफेंडरला, तेही धडकेच्या बरंच आधीपासून. आवाज ऐकून मान वळवली, तर दिसतात फक्त दोघे पडलेले. मग उरतो अंदाज.

भारतातल्या स्पर्धा फिबाच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या, नियमांवर चालतात. त्यात पहिला प्रश्न असा: डिफेंडरने लीगल गार्डिंग पोझिशन घेतली होती का? म्हणजे तोंड प्रतिस्पर्ध्याकडे आणि दोन्ही पाय जमिनीवर. ती एकदा मिळाली की पुतळ्यासारखं उभं राहायची सक्ती नाही. सर्वांत जास्त चुका याच ठिकाणी होतात. "तो हलत होता!" असा ओरडा झाला म्हणून ब्लॉक देऊ नका. डिफेंडर बाजूला सरकू शकतो, मागे जाऊ शकतो, सरळ वर उडी मारू शकतो, मार चुकवायला अंग आकसू शकतो. बाजूला किंवा मागे सरकताना पाय क्षणभर जमिनीवरून सुटले तरी चालतं. पुढे, प्रतिस्पर्ध्याच्या अंगावर जाणं मात्र चालत नाही. शिवाय धडक त्याच्या धडावर बसलेली हवी. बाहेर काढलेल्या गुडघ्याला, कमरेला किंवा हाताला बसली, तर दोष डिफेंडरचा.

चेंडू हातात असलेल्या खेळाडूसाठी वेळ आणि अंतर मोजायचंच नाही. समोर कोणी येईल हे त्याने गृहीत धरावं. चेंडू नसलेल्याला मात्र थांबायला किंवा वळायला जागा मिळायला हवी: वेगानुसार, पण किमान एक पाऊल.

खरी कसोटी उडीची. आक्रमकाचे पाय जमिनीवरून सुटले तो क्षण मनात पक्का टिपा. त्यानंतर डिफेंडर त्याच्या वाटेत किंवा उतरण्याच्या जागेत सरकला, तर ब्लॉक. मग तो कितीही स्थिर दिसो.

बास्केटखालचं नो-चार्ज अर्धवर्तुळ 1.25 मीटर त्रिज्येचं असतं आणि त्याची रेषा त्यातच धरतात. चेंडू घेऊन हवेत झेपावलेला खेळाडू शॉट किंवा पास करत असेल आणि डिफेंडरचा एक पाय जरी आत टेकलेला असेल, तर चार्ज नाही. अपवाद एवढाच की आक्रमकाने हात, पाय किंवा अंग बेकायदा वापरलं. पण चार्ज नाही म्हणजे आपोआप ब्लॉकही नाही. डिफेंडर नियमात असेल तर शिट्टी न वाजवता खेळ चालू ठेवा.

जागा अशी घ्या की दोघांमधली फट दिसेल. एकाच्या पाठीमागे अडकलात तर एंडलाइनवर, म्हणजे बास्केटमागच्या सीमारेषेवर, एखाद-दोन पावलं सरका. तेवढ्यानेही चित्र बदलतं.

शिट्टीनंतर आधी फक्त मूठ वर. सहकाऱ्याचीही शिट्टी वाजली असेल तर नजरानजर होईपर्यंत पुढची खूण करू नका. निर्णय कोणाचा, हे सामन्याआधीच ठरवून ठेवा. ब्लॉकला दोन्ही हात कमरेवर. चार्जला उघड्या तळव्यावर मूठ. चार्जवर फ्री थ्रो नाहीत, पण तो संघाच्या फाऊलमध्ये मोजला जातो.

फाऊल झाल्याचं नाटक कोणी केलं, तर साधारणपणे पहिल्यांदा ताकीद, पुन्हा केलं तर टेक्निकल, म्हणजे वर्तनाबद्दलचा फाऊल.