नेट बदलताना: राऊटर आपलाच, कंपनी नवी

जुनं कनेक्शन आधी तोडू नका. नवं नेट चार दिवस नीट चालू दे, मगच बंद करायला सांगा. घरून ऑफिसचं काम करणारं कुणी असेल तर दोन्ही कनेक्शनचे हे चार दिवसांचे पैसे वाया जात नाहीत.

जोडणीवाला यायच्या आधी राऊटरच्या तळाशी चिकटवलेल्या स्टिकरचा फोटो काढा. लॉगिनचा पत्ता आणि मॅक नंबर (राऊटरचा ओळख क्रमांक) त्यावरच असतो. वायफायचं नाव आणि पासवर्ड लिहून ठेवा. राऊटर रिसेट करावा लागला तरी तेच नाव, तोच पासवर्ड पुन्हा दिला की टीव्ही, कॅमेरा, आजीचा फोन आपसूक जोडले जातात.

खरी गोची पुढे असते. मोबाईलवर वायफायच्या सगळ्या कांड्या दिसतात, पण नेट नाही. कांड्या फक्त फोन ते राऊटर एवढंच सांगतात. पुष्कळदा राऊटरमध्ये जुन्या कंपनीचंच पीपीपीओई युजरनेम, म्हणजे राऊटरने कंपनीकडे लॉगिन करायचं नाव, बसलेलं असतं. म्हणून जोडणीवाला मुलगा जिना उतरायच्या आत नवं युजरनेम, पासवर्ड लिहून घ्या, व्हीलॅन नंबर (काही कंपन्या राऊटरमध्ये भरायला सांगतात तो आकडा) लागतो का विचारा, आणि त्याच्यादेखत तुमच्या राऊटरवरून नेट चालवून बघा. बाकी काही राहिलं तरी चालेल, हे सोडू नका.

भिंतीवरच्या ओएनटीची (फायबरची वायर जिथे येते तो डबा) वायर राऊटरच्या वॅन पोर्टमध्येच (बाहेरून येणाऱ्या नेटचं भोक) हवी. ओएनटीवर एलओएसचा (सिग्नल येत नाही असं सांगणारा) लाल दिवा लागला तर दोष फायबरचा. राऊटरशी झटापट नको, तक्रार नोंदवा. दोन्ही डब्यांचा पत्ता १९२.१६८.१.१ असेल तर ते एकमेकांत अडकतात. ओएनटी ब्रिज मोडवर (तो नेट फक्त पुढे पाठवतो, राऊटरचं काम करत नाही) टाकून घ्या, नाहीतर आपल्या राऊटरचा पत्ता १९२.१६८.२.१ करा.

प्लॅन ३०० एमबीपीएसचा आणि वायरने जोडलेल्या लॅपटॉपवरही वेग नव्वदीतच अडकला, तर केबल बघा. आत चारच तारा चालू असतील तर १०० च्या वर जात नाही. कॅट ५ई प्रकारची केबल घ्या, आठही तारा जोडलेली. सदाशिव पेठेतल्या जुन्या वाड्यांच्या जाड भिंतींतून ५ गीगाहर्ट्झचा वायफाय सिग्नल फारसा जात नाही, तिथे राऊटर मधल्या खोलीतच ठेवावा.

लाइट जाते तेव्हासाठी छोटा यूपीएस घ्यायचा तर तो ओएनटी आणि राऊटर दोन्हींना पुरेल असा बघा; अ‍ॅडॉप्टरवरचे व्होल्ट जुळवूनच. आणि जुन्या कंपनीचा डबा परत देताना पावती घ्या, डिपॉझिट तिच्यावरच मिळतं.